हलकी चाके, खोल खड्डे

ठाकुर्ली हे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधले एकच स्टेशन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ मध्ये उभारलेले चोळ्याचे वीजघर आणि रेल्वे कामगारांची बावन्न चाळ ही त्याची जुनी ओळख. आता नव्वद फुटी रस्त्याच्या बाजूने उंच इमारती झाल्या आणि त्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या आल्या. या गाड्यांत एक तरी अशी असतेच, जी घरातल्या तरुण मुलाने हट्टाने घ्यायला लावलेली असते. छोटी, चपळ, टर्बो इंजिनाची. गाडी घरी आली की दोन-चार महिन्यांत पुढची मागणी येते: मॅगव्हील बदलायची, हलकी घ्यायची.

अब्बांना ही फुजूलखर्ची वाटते, अम्मीला काळजी वाटते आणि मुलाला वाटते की घरात कोणाला गाडीतले काही कळत नाही. आमच्या घरी हा वाद झाला तेव्हा आम्ही ठरवले की आधी विषय समजून घ्यायचा, मग हो किंवा नाही म्हणायचे. त्या चौकशीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. घरोघरी हा प्रश्न येणारच आहे, आणि चाक ही गाडीतली अशी वस्तू आहे की तिच्यावर घरातल्या सगळ्यांचा जीव टेकलेला असतो.

केसाएवढी चीर

आमच्याकडे विषय निघाला तो शौकाने नव्हे, खड्ड्याने. पावसाळ्यात मुंब्र्याला एक निकाह आटोपून रात्री परत येत होतो. थोरला गाडी चालवत होता, मागे अम्मी आणि दोन लहान मुले. वेग चाळीसच्या आत. पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. पुढचे डावे चाक दणकन आदळले. गाडी थांबवून पाहिले तर टायर शाबूत होता, म्हणून तसेच घरी आलो. सकाळी मात्र चाक जमिनीला टेकलेले.

पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवला. टायरमधून एक बुडबुडा नाही. मग त्याने रिमच्या आतल्या बाजूला साबणाचे पाणी लावले आणि बोट ठेवून दाखवले: आतल्या कडेपासून निघालेली, दोन इंच लांबीची, केसाएवढी बारीक चीर. हवा तिथून जात होती. हीच चीर वाढत गेली असती आणि माळशेज घाटात किंवा द्रुतगती मार्गावर रिम उघडली असती तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी घरात सगळ्यांनीच केला, पण बोलले कोणी नाही. कल्याणात २०१८ च्या पावसाळ्यात खड्ड्यांमुळे पाच जणांचे जीव गेले होते. इथे राहणाऱ्यांना खड्डा ही चेष्टेची गोष्ट वाटत नाही.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितले, वेल्डिंग करा, पाचशे-हजारात काम होईल. दुसरा म्हणाला, आता खर्च करायचाच आहे तर चारही बदला आणि सतरा इंची घ्या. तिसऱ्याने फोनवर चित्र पाठवले: जपानी नावाची, दिसायला देखणी, किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी. थोरल्याचे म्हणणे एकच, घ्यायचीच तर हलकी घेऊ.

वेल्डिंग का नको?

बहुतेक गाड्यांच्या मॅगव्हीलमध्ये ॲल्युमिनियम, त्यात थोडे सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशियम असते. ती ओतल्यावर भट्टीत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा मंद आचेवर ठेवली जाते. या प्रक्रियेने धातूला खरी ताकद येते. वेल्डिंगची ज्योत लागली की त्या जागेभोवतीची ही ताकद उतरते. वरून पॉलिश केले की जोड दिसत नाही, पण शेजारचा धातू नरम पडलेला असतो. पुढच्या खड्ड्यात चीर तिथूनच पुन्हा निघते, आणि या वेळी सांगून येत नाही.

रिमची कड किंचित वाकली असेल तर चांगला कारागीर ती सरळ करून देऊ शकतो. पण चीर गेलेली रिम भंगारातच द्यावी. वापरलेल्या मॅगव्हीलच्या बाजारात जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचे नवे-जुने सामान भरपूर मिळते आणि जाणकार माणूस तिथून चांगला मालही आणतो. मात्र जुनी रिम घेताना टायर चढवण्याआधी तिची आतली बाजू उजेडात धरून पाहायची. ताजा रंग फक्त आतल्या कडेलाच दिसला, तर तो रंग कशासाठी लावला असेल ते ओळखून पुढे जायचे.

वजनाचा खरा हिशेब

हलक्या चाकाबद्दल एक गोष्ट सगळीकडे ऐकू येते: चाकाचा एक किलो कमी केला की गाडीचे दहा किलो कमी केल्यासारखे होते. कोणी चार सांगतो, कोणी दहा. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हा आकडा तपासता येतो.

गाडीत ठेवलेली पिशवी फक्त पुढे जाते. चाक पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून ते पळवायला थोडी जास्त ताकद लागते. किती जास्त, ते वजन चाकाच्या मध्यापासून किती दूर आहे त्यावर ठरते. वजन अगदी मध्यावर असेल तर एक किलो म्हणजे एकच किलो. टायर रस्त्याला टेकतो त्या बाहेरच्या कडेला असेल तर एक किलो म्हणजे जवळजवळ दोन किलो. दोनच्या वर तो आकडा जाऊच शकत नाही. रिम या दोघांच्या मध्ये असते, त्यामुळे रिममधला एक किलो साधारण सव्वा ते दीड किलोच्या बरोबरीचा धरावा.

आता प्रत्येक रिममागे दोन किलो वाचले असे समजू. चार चाकांचे आठ किलो. पळण्याच्या हिशेबात ते झाले दहा-बारा किलो, म्हणजे तांदळाची एक मोठी पिशवी गाडीतून उतरवली तेवढे. सगळे कुटुंब बसलेली गाडी दीड टनाच्या आसपास भरते. त्यात बारा किलोने गाडी विमानासारखी उडणार नाही, आणि पेट्रोलचा खर्चही डोळ्यांत भरेल इतका उतरणार नाही. हे मुलांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावे.

मग हलक्या चाकाचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो दुसरीकडे आहे. गाडीचा सांगाडा, इंजिन, माणसे हे सगळे स्प्रिंगच्या वर असते. चाक, टायर, ब्रेक आणि हब हे स्प्रिंगच्या खाली. खाली असलेले हे ओझे एका कोपऱ्याला तीस-पस्तीस किलोच्या घरात असते. रस्ता उंचसखल आला की हेच ओझे वर उडते आणि पुन्हा खाली येते, आणि त्याला आवरण्याचे काम शॉकअप करतो. हातात हलकी थापी असली की ती लवकर उचलता आणि लवकर टेकवता येते, जड असली की हात मागे पडतो. तसेच हे आहे. तीस किलोतून दोन किलो गेले तर ते सहा-सात टक्के होतात. चाक रस्त्याला जास्त चिकटून राहते, खडबडीत वळणावर टायरची पकड कमी सुटते, स्टिअरिंग मोकळे वाटते. चपळ गाडीच्या शौकिनाला जे सुख हवे असते ते हे, आणि ते खरे आहे.

यात एक खोच आहे. रिम हलकी घेतली आणि टायर रुंद, जड घेतला, तर कमावलेले सगळे गेले. टायरचे वजन सर्वांत बाहेर असते, म्हणून तिथला किलो अधिक महाग पडतो. वजन करायचे ते रिम आणि टायर दोन्हीचे मिळून. त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. घरातल्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहायचे, मग चाक हातात घेऊन. वजा केले की उत्तर मिळते. दुकानदार नुसता ‘एकदम लाइट आहे साहेब’ म्हणत असेल तर काटा मागावा.

ओतलेले, लाटलेले, ठोकलेले

‘लोखंडी जड आणि मॅगव्हील हलके’ हा समज अर्धाच खरा आहे. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा हलके असते, पण तितकेच मजबूत चाक करायला ते जास्त जाड घ्यावे लागते. मोठ्या आकाराचे स्वस्त मॅगव्हील साध्या लोखंडी रिमइतके, कधी त्याहून जडही भरते. खरा फरक पडतो तो चाक कसे बनवले त्यावर. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली ओतीव. वितळलेला धातू साच्यात जातो आणि थंड झाला की चाक तयार. कुल्फीच्या साच्यासारखेच. ही रीत स्वस्त आणि बहुतेक गाड्यांसोबत येणारी मॅगव्हील अशीच बनतात. चांगल्या कारखान्यात धातू खालून, मोजक्या दाबाने साच्यात चढवतात म्हणजे आत हवेचे बुडबुडे राहत नाहीत. निकृष्ट कारखान्यात ते राहतात, आणि चीर तिथूनच सुरू होते.

दुसरी फ्लो फॉर्मिंग. आधी जाड कडेचे चाक ओतून घेतात, मग ते तापवून फिरवतात आणि फिरताना लोखंडी रूळ त्याच्या कडेवर दाबतात. तांदळाची भाकरी थापताना आपण मधला भाग तसाच ठेवून कड तळव्याने फिरवत पातळ करतो, साधारण तसेच. फरक एवढाच की इथे धातूचे कण एका दिशेने दाबले जातात, त्यामुळे कड पातळ होऊनही अधिक चिवट होते. रिम हलकी होते ती नेमकी बाहेरच्या भागात, जिथे हलके होण्याचा उपयोग जास्त.

तिसरी फोर्ज्ड, म्हणजे ठोकीव. यात धातू वितळवत नाहीत. ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा तापवून हजारो टनांच्या दाबाखाली दाबतात आणि मग यंत्रावर कोरून चाकाचा आकार देतात. हे सर्वांत हलके आणि सर्वांत मजबूत. जोराचा मार बसला तर ठोकीव चाक तडकण्याआधी बहुधा वाकते, आणि वाकलेले चाक इशारा देते. किंमत मात्र कुटुंबाच्या खिशाला झेपणारी नसते.

शर्यतींच्या जगात ही धडपड जुनी आहे. बुगाटीच्या ‘टाइप ३५’ या गाडीने १९२४ साली ॲल्युमिनियमची ओतीव चाके लावून शर्यतीत भाग घेतला. जपानच्या रेज कंपनीचे ‘टीई३७’ हे ठोकीव चाक १९९६ मध्ये आले. नावातला ३७ हा आकडा १५ इंची चाकाच्या ३.७ किलो वजनावरून घेतलेला. जपानचीच एन्केई ही कंपनी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांना चाके देत आली. तिचा कारखाना आपल्या महाराष्ट्रातही आहे, पुणे–नगर रस्त्यावर शिक्रापूरला. दुकानात ज्या नावांच्या नकला सर्वांत जास्त दिसतात ती हीच नावे. ‘टीई३७’ सारखी दिसणारी सहा काड्यांची रिम ही दिसण्यापुरतीच तशी असते. ती ओतीव असेल तर मूळ चाकाच्या दुप्पट-अडीचपट वजन भरणे अगदी शक्य आहे. हलके दिसणे आणि हलके असणे यात काट्याशिवाय निवाडा होत नाही.

सोळा की सतरा?

आमच्या गाडीला मुळात १९५/५५ आर १६ टायर येतात. हे आकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

नवी रिम मोठी घेतली तर टायरची बाजू तेवढी बुटकी घ्यावी लागते, म्हणजे चाकाची एकूण उंची तीच राहते. तसे केले नाही तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि वळताना टायर बॉडीला घासतो. तीन आकार शेजारी ठेवून पाहू.

१८५/६५ आर १५: एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची १२० मिलिमीटर.

१९५/५५ आर १६: एकूण व्यास ६२०.९ मिलिमीटर, बाजूची उंची १०७ मिलिमीटर.

२०५/४५ आर १७: एकूण व्यास ६१६.३ मिलिमीटर, बाजूची उंची ९२ मिलिमीटर.

एकूण व्यास जवळजवळ सारखाच आहे. बदलली आहे ती टायरची बाजू, आणि खड्ड्यात रिमला वाचवते ती हीच. सोळावरून सतरावर गेले की रबर आणि हवेची उशी १५ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे बोटाच्या रुंदीइतकी. हायवेवर हा फरक छान वाटतो, गाडी वळणावर टणक राहते. पावसाळ्यातल्या कल्याण–डोंबिवलीत हीच बोटभर उशी रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये उभी असते. शिवाय सतरा इंची ओतीव रिम सोळा इंचीपेक्षा जड भरण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे हलके चाक हवे म्हणून निघालो आणि जड घेऊन आलो. मागच्या सीटवर ज्यांच्या गुडघ्यात आणि पाठीत दुखणे आहे त्यांनाही तो फरक लगेच जाणवतो.

थोरल्याने हे आकडे स्वतः कागदावर मांडले. सतराचा हट्ट त्याने स्वतःच सोडला. आम्ही ओरडून सांगितले असते तर सोडला नसता.

रिमवरचे पाच आकडे

रंग आणि नक्षी शेवटी पाहायची. आधी पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत.

एक, पीसीडी. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. मारुती आणि हुंडाईच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ४×१००, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाला ५×१००. ‘थोडे बसवून देतो’ हे वाक्य इथे ऐकून घेऊ नये.

दोन, मधले भोक. चाकाचा भार हबवर नेमका बसला पाहिजे. बाजारातल्या रिमचे मधले भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालते. अशा वेळी हब आणि रिम यांच्या मधली फट भरणारी बरोबर मापाची रिंग लावून घ्यायची. ती नसेल तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी थांबत नाही.

तीन, ऑफसेट. रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते. समजा मूळ रिम सहा इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि नवी सात इंच रुंद व ईटी ३५ घेतली. रुंदीमुळे बाहेरची कड १२.७ मिलिमीटर आणि ऑफसेटमुळे आणखी १० मिलिमीटर, असे जवळजवळ २३ मिलिमीटर चाक बाहेर येते. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर जादा ताण, दारांवर चिखल आणि पूर्ण भरलेल्या गाडीत टायर मडगार्डला घासण्याची भीती. मूळ आकड्याच्या जवळ राहावे.

चार, भार पेलण्याची क्षमता. टायरवर आकारानंतर ८७ असा आकडा असेल तर तो टायर ५४५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६० किलो. रिमच्या मागेही कमाल भार कोरलेला असतो. तो टायरच्या आकड्यापेक्षा कमी नसावा. ईदला सहा माणसे आणि डिकीत सामान भरून गावी निघणाऱ्या घराने हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रिमवर तो आकडाच नसेल तर ती रिम परत ठेवावी.

पाच, नट. मूळ रिमचे नट नव्या रिमला चालतीलच असे नाही. कुठे नटाचे टोक शंकूसारखे, कुठे गोल, कुठे चपटे असते. न जुळणारा नट आवळल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. नवे नट घेतले तर जुने चार नट डिकीत स्टेपनीसाठी जपून ठेवावेत, नाहीतर पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्यात स्टेपनी बसणार नाही.

शिक्के आणि कागद

रिमच्या काड्यांच्या मागे काही अक्षरे उठवलेली असतात. ‘जेडब्ल्यूएल’ म्हणजे जपानच्या मानकाप्रमाणे चाक बनवल्याचे कारखान्याचे स्वतःचे म्हणणे. ‘व्हीआयए’ असेल तर त्या म्हणण्याची बाहेरच्या संस्थेने तपासणी केलेली. आपल्याकडेही रिमसाठी भारतीय मानक संस्थेचे मानक आहे. या तपासण्यांत चाक वजनाखाली लाखो फेरे फिरवतात, वळणावर येतो तसा ताण देऊन वाकवतात आणि तिरके ठेवून त्याच्या कडेवर वजन पाडतात. ही तिसरी परीक्षा म्हणजे खड्डाच. शिक्का खोटाही उठवता येतो, म्हणून पक्के बिल, बनवणाऱ्याचे नाव आणि वॉरंटीचा कागद मागावा. बिल द्यायला कुरकुर करणारा दुकानदार चीर गेल्यावर ओळख देणार नाही.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर कडक भूमिका घेतली. त्यामुळे कंपनी त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला जो आकार स्वतः देते, त्याच आकारात राहणे सर्वांत निर्धोक. विमा कंपनीला लेखी कळवून नवी चाके पॉलिसीत नोंदवून घ्यावीत. अपघातानंतर ‘हे आम्हाला सांगितले नव्हते’ हे ऐकण्यापेक्षा थोडा जादा हप्ता परवडतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारूनच हात घालावा.

आमच्या घरी काय ठरले

फुटलेल्या रिमच्या जागी कंपनीची एक रिम घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता, आणि ज्या घरी पैशाची ओढ आहे त्यांना आम्ही तोच सुचवू. त्यात कमीपणा काहीच नाही. आमच्याकडे थोरल्याची दोन वर्षांची शिल्लक होती. अब्बांनी अट घातली की व्याजाचा हप्ता नको, धाकटीच्या फीच्या पैशाला हात नको, आणि आकार मूळचाच हवा.

सोळा इंची, फ्लो फॉर्म केलेली, साडेसहा इंच रुंद रिम निवडली. मूळ रिम घरच्या काट्यावर नऊ किलोच्या जवळ भरली होती, नवी सात किलोच्या थोडी वर. टायर तेच जुने, त्याच मापाचे, म्हणून खर्च निम्म्यावर आला आणि वाचवलेले वजन टायरने खाल्ले नाही. जुन्या तीन चांगल्या रिमपैकी एक डिकीत स्टेपनी म्हणून बसवली, कारण गाडीसोबत आलेली स्टेपनी आकाराने लहान होती आणि तिच्यावर ऐंशीच्या वर जायचे नसते. उरलेल्या दोन, चीर नाही हे दाखवून, विकल्या. फुटलेली रिम मात्र भंगारवाल्याला देण्याआधी थोरल्याने करवतीने कापली. ती रंग लावून पुन्हा कोणाच्या गाडीला बसली असती, तर तो गुन्हा आपल्या माथी आला असता, असे अम्मी म्हणाली.

बसवल्यानंतरची काळजीही तितकीच महत्त्वाची. नट आधी हाताने लावून घ्यायचे, मग एकासमोर एक अशा क्रमाने आवळायचे. हवेच्या बंदुकीने कचाकच आवळू द्यायचे नाहीत. गाडीच्या पुस्तकात दिलेला जोर मोजणारा पाना वापरायचा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्यायचे. आणि हवा: चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली, थंड टायरमध्ये, दर पंधरा दिवसांनी. हवा कमी असलेला टायर खड्ड्यात दबून रिम थेट कडेवर आपटते. सगळे कुटुंब घेऊन लांब जाताना त्याच पट्टीवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो, तो भरावा. पावसाळा संपला की चारही चाके उतरवून आतली बाजू एकदा साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावी. मोठमोठ्या चाकांना न जमणारे काम हे वीस रुपयांचे साबणाचे पाणी करते.

मुलांच्या शौकाला सरसकट नाही म्हणणाऱ्या घरांत मुले गुपचूप खरेदी करतात, आणि गुपचूप घेतलेली वस्तू बहुधा बिलाशिवाय घेतलेली असते. त्यांच्यासोबत काटा, फूटपट्टी आणि कागद घेऊन बसले, तर तोच शौक त्यांना हिशेब शिकवतो. चाक हलके असावे, त्याच्यावर बसलेल्यांची जबाबदारी मात्र हलकी मानू नये. नव्वद फुटी रस्त्यावर संध्याकाळी चालायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांचा आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांचाही रस्त्यावर तेवढाच हक्क आहे. चपळ गाडीचा खरा कस वेगात लागत नाही, अचानक कोणी समोर आले तर ती किती लवकर आणि किती सरळ थांबते त्यात लागतो. चांगल्या चाकावर केलेला खर्च कारणी लागायचा असेल तर तो तिथेच लागतो.